अमेरिकेच्या सागरपार विस्ताराचा इतिहास कसा अभ्यासावा : गोव्यातील वाचनमंडळांसाठी मार्गदर्शन

गोव्यात गावोगावच्या वाचनालयांच्या आधाराने जी लहान वाचनमंडळे चालतात, त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे. अमेरिकेचा इतिहास म्हटला की आपल्याकडचे वाचन स्वातंत्र्ययुद्ध, लिंकन आणि दोन महायुद्धे एवढ्यावर थांबते. इंग्लंडच्या वसाहती म्हणून जन्मलेल्या या देशाने पुढे स्वतःच समुद्रापलीकडचे मुलूख ताब्यात घेतले आणि त्यांतील काही आजही त्याच्याकडे आहेत, ही बाजू फार थोड्यांनी नीट वाचलेली असते. फोंडा तालुक्यातील आमच्या मंडळाने हा विषय दोनदा हाताळला. पहिल्या वेळी आम्ही सनावळीपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या बैठकीपासून मंडळी गळू लागली. दुसऱ्या वेळी पद्धत बदलली, तेव्हा विषय सात बैठका टिकला आणि शेवटच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. ती बदललेली पद्धत येथे सांगतो.

तिचा गाभा दोन प्रश्नांत आहे. कोणताही तह, कायदा किंवा निवाडा हाती घेतला की पहिला प्रश्न असा विचारावा की, राज्यकर्त्याने त्या मुलखाला कोणते नाव दिले. आणि दुसरा असा की, कागदावर सह्या होत असताना त्या मुलखातील माणसे कोठे होती. बाकी सारा तपशील या दोन प्रश्नांभोवती गोळा होतो.

पहिल्या बैठकीत अमेरिकेचे नावही काढू नये. गोव्यापासून सुरुवात करावी. पोर्तुगालने १९३० सालच्या वसाहतविषयक कायद्यात आपल्या मुलखांना उघडपणे ‘वसाहती’ म्हटले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वसाहती मोडू लागल्या, तेव्हा सालाझारच्या राजवटीने १९५१ साली राज्यघटना दुरुस्त केली आणि तेच मुलूख ‘सागरपार प्रांत’ ठरवले. राज्यपाल लिस्बनहून यायचा तसाच येत राहिला, वृत्तपत्रांवरची बंधने तशीच राहिली. बदलला तो शब्द. आमच्या मंडळातील एक वयस्क बाई लिसेवाच्या आधीचा सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाचा दुसरा टप्पा, शिकलेल्या आहेत. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आणि ‘मिन्योपासून तिमोरपर्यंत’ पोर्तुगाल एकच आहे हे पाठ केलेले वाक्य त्यांनी सांगितले, तेव्हा तरुण सदस्यांना शब्दांचे राजकारण कशाला म्हणतात हे व्याख्येशिवाय समजले. अशी आठवण असलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना या बैठकीला आवर्जून बोलवावे आणि त्यांना घाई करू नये.

दुसरी बैठक नकाशाची. येथे एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आपल्या शाळांत मिळणाऱ्या जगाच्या नकाशात पॅसिफिक महासागर दुभंगलेला असतो. अर्धा डाव्या कडेला, अर्धा उजव्या. ज्या समुद्रावर या इतिहासाचा मोठा भाग घडला, तोच त्यावर अखंड दिसत नाही. म्हणून सारखे दोन नकाशे आणावेत, एकाची उजवी बाजू आणि दुसऱ्याची डावी बाजू जोडून चिकटवावी आणि पॅसिफिक मध्यभागी येईल असा एकच मोठा नकाशा भिंतीवर लावावा. मग टाचण्या आणि चार रंगांचे दोरे घ्यावेत : विकत घेतलेल्या भूमीसाठी एक, युद्धात मिळवलेल्या भूमीसाठी दुसरा, ठराव करून खालसा केलेल्या भूमीसाठी तिसरा आणि भाडेपट्ट्याने घेतलेल्या भूमीसाठी चौथा.

पहिल्या टाचण्या अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या बेटांवर टोचाव्यात. १८५६ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी एक कायदा केला. कोणाही अमेरिकी नागरिकाला असे खत असलेले निर्मनुष्य आणि दुसऱ्या सरकारच्या ताब्यात नसलेले बेट सापडले, तर राष्ट्राध्यक्षाला ते अमेरिकेचे मानता येईल, अशी त्यात तरतूद होती. हाउलंड, बेकर, जार्व्हिस ही पॅसिफिकमधील बेटे आणि कॅरिबियनमधील नवासा यांवरचा दावा या कायद्याखालचा आहे. या बेटांना चारांपैकी कोणताच रंग बसत नाही. तेथे साधी टाचणी पुरे. १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतला गेला आणि त्याच वर्षी मिडवे बेट ताब्यात आले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, मिडवे, ग्वाम, मनिला असा दोरा ओढून दाखवावा. वाफेच्या जहाजाला वाटेत कोळसा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलू सुमारे ३,८५० किलोमीटर आहे आणि मधे काहीच नाही. नौदल अधिकारी आल्फ्रेड माहान याने १८९० नंतर जो विचार मांडला, की व्यापारी राष्ट्राला बलाढ्य आरमार हवे आणि आरमाराला दूरवर ठाणी हवीत, तो या दोऱ्याकडे बोट ठेवले की आपोआप समजतो. मुरगावचे बंदर डोळ्यांसमोर असलेल्या आणि घरात एखादा तारवटी असलेल्या माणसाला तर तो समजावून द्यावाच लागत नाही. आमच्यात पनामा कालव्यातून अनेकदा गेलेले एक निवृत्त तारवटी होते; नकाशावरचे अर्धे काम त्यांनीच केले.

हवाईला एक स्वतंत्र बैठक द्यावी, कारण ‘व्यापारातून सत्ता’ ही आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीमुळे परिचित असलेली वाट तेथे थोड्या वर्षांत दिसते. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली. ऊसमळे वाढले आणि मळेवाल्यांची सत्ताही वाढली. १८८७ साली सशस्त्र दबावाखाली राजाला नवी राज्यघटना मान्य करावी लागली. लोक तिला संगिनीची राज्यघटना म्हणतात. राणी लिलिउओकलानी हिने राजसत्तेचे अधिकार परत मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाले व व्यापारी यांच्या गटाने तिला पदच्युत केले. आदल्याच दिवशी अमेरिकेचा तेथील वकील जॉन स्टीव्हन्स याच्या सांगण्यावरून ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरील सैनिक होनोलुलूत उतरले होते. येथे वाचकाने थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड याने विलीनीकरणाचा तह सिनेटमधून मागे घेतला, चौकशी करवली आणि झाले ते अन्याय्य असल्याचे काँग्रेसला कळवले. म्हणजे अमेरिकेत एकच मत होते असे समजून हा इतिहास वाचता येत नाही. १८९७ साली विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर एकवीस हजारांहून अधिक हवाईवासीयांनी सह्या केल्या आणि तो वॉशिंग्टनला पोहोचवला. विलीनीकरणाच्या नव्या तहाला सिनेटमध्ये लागणारी दोनतृतीयांश मते मिळेनात. मग जुलै १८९८ मध्ये दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने हवाई खालसा झाले. आपण डलहौसीच्या संदर्भात ‘खालसा’ हा शब्द शिकलो आहोत. येथे तो निःसंकोच वापरावा. ‘विलीनीकरण’ म्हटले की दोन्ही बाजूंची राजीखुशी गृहीत धरली जाते.

आता १८९८ चे युद्ध. त्याच्या लढायांवर वेळ घालवू नये. १५ फेब्रुवारीला, स्पेनच्या ताब्यातील क्यूबात, हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि २६० हून अधिक माणसे मेली. एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले. १ मे रोजी अमेरिकी आरमारी सेनानी ड्यूई याने मनिलाच्या उपसागरातील स्पॅनिश आरमार नष्ट केले. ऑगस्टमध्ये लढाई थांबली. इतके पुरे आहे. वेळ द्यायचा तो १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहाला. तो इंटरनेटवर सहज मिळतो आणि फार मोठा नाही. प्रत्येक सदस्याने एकेक कलम मराठीत उतरवून आणावे. तिसरे कलम फिलिपाइन्सचे आहे : स्पेनने ती बेटे द्यावीत आणि अमेरिकेने दोन कोटी डॉलर द्यावेत. नवव्या कलमाचा शेवट मोठ्याने वाचावा. हस्तांतरित मुलखांतील मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकेची काँग्रेस ठरवील, एवढेच त्यात म्हटले आहे. ते वाचून झाल्यावर आपला दुसरा प्रश्न विचारावा. फिलिपिनो नेता एमिलिओ आगिनाल्दो याने १२ जून १८९८ रोजीच स्वातंत्र्याची घोषणा केली होती. त्याचा वकील फेलिपे आगोनसिल्यो पॅरिसला गेला होता, पण त्याला वाटाघाटींत प्रवेश मिळाला नाही. खोलीत दोनच पक्ष होते, देणारा आणि घेणारा.

तहानंतरचा भाग नुसता वाचून दाखवला तर रुक्ष वाटतो, म्हणून आम्ही तो एका संत्र्यांच्या पेटीवरून शिकवतो. बैठकीला खरोखरच संत्र्यांची एक पेटी आणावी. १९०० साली पोर्तो रिकोतील सान हुआन बंदरातून न्यूयॉर्कला संत्री आली. पोर्तो रिको तोवर त्याच तहाने अमेरिकेचे झाले होते आणि अमेरिकेच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालावर जकात नसते. तरीही न्यूयॉर्कच्या जकात अधिकाऱ्याने ६५९ डॉलर ३५ सेंट वसूल केले, कारण काँग्रेसने त्याच वर्षी पोर्तो रिकोच्या मालावर खास जकात बसवली होती. डाउन्स या व्यापाऱ्याने निषेध नोंदवून पैसे भरले आणि खटला केला. प्रश्न वरवर संत्र्यांचा होता. खरा प्रश्न असा होता की, जेथे अमेरिकेचा झेंडा जातो तेथे अमेरिकेची राज्यघटनाही जाते काय. मे १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात वैध ठरवली. न्यायमूर्ती व्हाइट यांनी आपल्या मतात लिहिले की, आंतरराष्ट्रीय दृष्टीने पोर्तो रिको हा परका देश नाही, कारण तो अमेरिकेच्या सार्वभौमत्वाखाली आहे. परंतु देशांतर्गत अर्थाने तो अमेरिकेला परकाच आहे.

हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि शेजारी १९५१ चा ‘सागरपार प्रांत’ हा शब्द लिहावा. दोन्ही राजवटींनी शब्दाचा उपयोग नेमका उलट दिशेने केला, हे सदस्यांच्या लक्षात आणून द्यावे. लिस्बनने वसाहतीला आपलाच भाग म्हटले, म्हणजे तिच्याविषयी बाहेरच्या कोणाला बोलता येऊ नये. वॉशिंग्टनने ताब्यातील भूमीला आपला पूर्ण भाग म्हणण्याचे नाकारले, म्हणजे तेथील माणसाला राज्यघटनेचे सर्व हक्क द्यावे लागू नयेत. मला हा मुद्दा या संपूर्ण अभ्यासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांना इतर बैठका घेणे शक्य नसेल, त्यांनी ही एक बैठक तरी घ्यावी. या निवाड्यांच्या मालिकेतून तयार झालेला ‘असमाविष्ट प्रदेश’ हा दर्जा अजून चालू आहे. पोर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ साली नागरिकत्व मिळाले, तरी तेथे राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही आणि काँग्रेसमधील त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहात विधेयकांवर अंतिम मतदान करता येत नाही. अमेरिकी सामोआत जन्मलेली व्यक्ती तर जन्माने नागरिकही नसते. तिला ‘राष्ट्रीय’ एवढाच दर्जा मिळतो.

फिलिपाइन्सच्या युद्धाची बैठक जड जाते. ती टाळू नये. ४ फेब्रुवारी १८९९ रोजी मनिलाच्या सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि दोन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, अमेरिकी सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी पॅरिसचा तह मंजूर केला. अमेरिकी सरकारने या युद्धाला ‘बंड’ म्हटले. आपल्याला हा वाद नवा नाही. १८५७ ला शिपायांचे बंड म्हणायचे की स्वातंत्र्ययुद्ध, हे मराठी वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. ‘बंड’ म्हटले की आधीचे राज्य कायदेशीर होते हे मान्य होऊन बसते, एवढे सांगितले तरी पुरते. आकडे सांगताना मात्र फार जपावे. सुमारे ४,२०० अमेरिकी सैनिक आणि २०,००० च्या आसपास फिलिपिनो लढवय्ये मृत्युमुखी पडले. हिंसाचार, उपासमार आणि पटकीसारखे रोग यांत मेलेल्या सामान्य लोकांची संख्या बहुधा दोन लाखांपर्यंत सांगितली जाते, आणि काही अभ्यासक ती त्याहून बरीच अधिक धरतात. त्यामुळे हा शेवटचा आकडा नेहमी ‘अंदाजे’ म्हणून सांगावा आणि युद्धातले मृत्यू व साथीतले मृत्यू वेगळे काढणे कठीण आहे हेही सांगावे. सप्टेंबर १९०१ मध्ये सामार बेटावरील बालांगिगा येथे गावकऱ्यांनी व लढवय्यांनी अमेरिकी तुकडीवर हल्ला केला. त्यानंतर जनरल जेकब स्मिथ याने बेट उजाड करण्याचे हुकूम दिले आणि त्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटलाही चालला. बालांगिगाच्या चर्चच्या तीन घंटा अमेरिकी सैनिकांनी नेल्या होत्या. त्या डिसेंबर २०१८ मध्ये, एकशे सतरा वर्षांनी, गावाला परत मिळाल्या. गोव्यातल्या गावात चर्चची घंटा आणि देवळाची घंटा यांचे स्थान काय असते, हे मी येथे लिहायला नको.

याच बैठकीत दुसरी बाजूही वाचावी. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘टॉमस’ नावाच्या जहाजाने पाचशेहून अधिक अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. १९१६ च्या कायद्याने स्वातंत्र्याचे आश्वासन दिले, १९३४ च्या कायद्याने त्याची मुदत ठरवली आणि ४ जुलै १९४६ रोजी फिलिपाइन्स स्वतंत्र झाले. सालाझारने गोव्याला असे कोणतेच आश्वासन कधी दिले नाही. हा फरक प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. त्याबरोबरच हेही मांडले पाहिजे की फिलिपाइन्सने १९६२ साली आपला स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून १२ जूनला हलवला; म्हणजे अमेरिकेने दिलेल्या तारखेऐवजी आगिनाल्दोने घोषित केलेली तारीख निवडली.

क्यूबा आणि पनामा एका बैठकीत आटोपता येतात. क्यूबासाठी मराठी वाचकाकडे तयार किल्ली आहे : वसईचा तह. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि इतर सत्तांशी परस्पर व्यवहार करण्याचा हक्क गमावला. पेशवाई मात्र नावाला राहिली. क्यूबा १९०२ साली प्रजासत्ताक झाला, पण त्याच्या राज्यघटनेत प्लॅट दुरुस्ती या अमेरिकी कायद्याची कलमे घालून मगच. क्यूबाने स्वातंत्र्याला बाध येईल असे परराष्ट्रीय तह करू नयेत, झेपणार नाही एवढे कर्ज काढू नये, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क असावा आणि आरमारी ठाण्यांसाठी जागा द्यावी, असे त्यांत होते. ही कलमे १९३४ साली रद्द झाली. ग्वांतानामो येथील आरमारी ठाण्याचा भाडेपट्टा राहिला, आणि तो दोन्ही बाजू कबूल झाल्याशिवाय किंवा अमेरिकेने जागा सोडल्याशिवाय संपत नाही. वर्षाचे भाडे ४,०८५ डॉलर आहे. क्यूबाचे सरकार ते धनादेश कित्येक दशके वटवत नाही. पनामाच्या बाबतीत तारखा पुरेशा बोलक्या आहेत : ३ नोव्हेंबर १९०३ ला कोलंबियापासून फुटून पनामा स्वतंत्र झाला आणि १८ नोव्हेंबरला अमेरिकेशी कालव्याच्या पट्ट्याचा तह झाला, ज्यावर पनामाच्या वतीने एका फ्रेंच माणसाने, फिलिप ब्युनो-व्हारिया याने, सही केली. कालवा १९१४ साली सुरू झाला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी पनामाच्या हाती आला. हैतीवर १९१५ ते १९३४ अशी अमेरिकी सैन्याची सत्ता होती; वेळ उरला तर तेही घ्यावे.

सातव्या बैठकीत पुन्हा गोव्याकडे यावे, पण या वेळी वॉशिंग्टनच्या बाजूने. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता आणि त्याच्या अझोर्स बेटांवरील लाजेशचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता. डिसेंबर १९५५ मध्ये परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त पत्रकात ‘अतिपूर्वेतील पोर्तुगीज प्रांत’ असे शब्द आले आणि भारतात संताप उसळला. पहिल्या बैठकीत भेटलेला ‘प्रांत’ हा शब्द येथे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या कागदावर येतो. सदस्यांनी तो स्वतः शोधून काढला तर अधिक बरे. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले असताना सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी युद्धबंदी आणि माघारीचा ठराव मांडला. बाजूने सात व विरुद्ध चार मते पडली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो बाद झाला. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांचा आक्षेप बळाच्या वापराला होता आणि तो त्यांच्या शब्दांतच वाचावा. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांचे उत्तरही तसेच पूर्ण वाचावे. एकाचेच भाषण वाचून बैठक संपवू नये.

त्याच बैठकीत संयुक्त राष्ट्रांची एक यादी समोर ठेवावी. १९४६ साली अमेरिकेने स्वतः होऊन स्वयंशासन नसलेल्या आपल्या प्रदेशांची माहिती संयुक्त राष्ट्रांना दिली. त्यांत अलास्का, हवाई, पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकी सामोआ, व्हर्जिन बेटे आणि पनामा कालव्याचा पट्टा होता. पोर्तुगालने अशी माहिती देण्याचे नाकारले, म्हणून १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव करून त्याचे मुलूख नावानिशी नोंदवले. त्यांत गोवा होता. आज त्या यादीत गोवा नाही. अलास्का आणि हवाई १९५९ साली राज्ये झाल्याने वगळली गेली, पोर्तो रिको त्याआधीच. ग्वाम, अमेरिकी सामोआ आणि अमेरिकी व्हर्जिन बेटे यांची नावे अजून आहेत. प्रत्येक सदस्याने यांपैकी एक बेट निवडून तेथील लोकांना कोणते मत देता येते आणि कोणते देता येत नाही, हे अर्ध्या पानात लिहून आणावे. संदर्भासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जावे. तेथे निवांत बसून वाचता येते.

भिंतीवरचा नकाशा बैठका संपल्यावर काढू नये. आमच्या नकाशावर शेवटची टाचणी आपल्याच समुद्रात, गोव्याच्या दक्षिणेला, दिएगो गार्सिया बेटावर टोचली आहे. १९६६ साली ब्रिटनने ते बेट संरक्षणासाठी अमेरिकेला वापरायला देण्याचा करार केला आणि १९७३ पर्यंत चागोस द्वीपसमूहातील सर्व रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. तेथे तळ अमेरिकेचा आहे. पण बेट तिने विकत घेतले नाही, जिंकले नाही, खालसा केले नाही आणि त्यासाठी वार्षिक भाडेही ठरले नाही. त्या टाचणीला कोणत्या रंगाचा दोरा बांधावा, यावर आमच्या मंडळात तासभर चर्चा झाली आणि शेवटी एका सदस्याने पाचव्या रंगाचे रीळ आणले.